स्वच्छ आवाजातली आठ मिनिटं

माझा धंदा लोकांचं बोलणं धुऊन देण्याचा आहे. बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी साहेब लोकांची व्हिडिओ प्रेझेंटेशनं रेकॉर्ड करतो आणि मग ती सुधारतो. सुधारतो म्हणजे साहेबांचे 'अं' काढतो, प्रत्येक वाक्याआधीचा श्वास काढतो, 'बेसिकली' आणि 'अ‍ॅक्चुअली' काढतो, एसीची घरघर आणि खुर्चीची कुरकुर काढतो. एवढं सगळं काढल्यावर जो माणूस उरतो तो फार हुशार वाटतो. एका साहेबांनी स्वतःचं तयार प्रेझेंटेशन पाहून मला विचारलं होतं, "आवाजाला काही केलंत का?" मी म्हटलं, विशेष नाही. "तरीच," ते म्हणाले, "मी असाच बोलतो." त्यांच्या चाळीस मिनिटांतून मी अकरा मिनिटांचा कचरा बाहेर काढला होता. मी मान डोलावली आणि माझी गार झालेली कॉफी संपवली.

हे काम मला चांगलं येतं, कारण त्याचा सराव मी आधी स्वतःवर केला आहे. मी निपाणीच्या बाजूचा. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत दोन्ही, आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती. बंगळूरला पहिल्या नोकरीत पुण्यामुंबईची सात-आठ मराठी मंडळी होती. एकदा डबा खाताना घरून फोन आला तेव्हा मी म्हणालो, "जेवायलोय, नंतर करतो की." टेबलभर हशा पिकला. कुणी वाईट हेतूनं हसलं नव्हतं, असं मला नंतर पुष्कळदा सांगण्यात आलं. पण त्यानंतर सहा महिने 'जेवायलोय की' हेच माझं नाव होतं. कँटीनच्या दारात दिसलो की कुणीतरी तसं ओरडायचं आणि मीही सगळ्यांबरोबर हसायचो.

खोलीवर गेल्यावर मात्र मी स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचो आणि त्यातला एकेक 'की' उपटून काढायचो. हेल कुठे जातो, शब्द कुठे लांबतो, सगळं कागदावर लिहून ठेवायचो. वर्षभरात मी असा बोलू लागलो की नव्यानं आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "पुण्यात कुठे राहता तुम्ही?" त्या दिवशी मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही मला माझाच राग येतो.

बसवनगुडीत ज्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं राहतो आहे, त्याच्या मालकीणबाई खाली राहतात. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणतात म्हणून मीही अक्का म्हणतो. घराणं मराठी, पण चार-पाच पिढ्या इथेच मुरलेलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या अक्कांची मराठी अशी, "नोडु, स्वल्प बैस रे, दोसा घालते, एकच खा, आय्तु, अल्वा?" बघ, जरा बस, एकच खा, झालं, हो ना? हे सगळं त्या एका दमात म्हणायच्या, आणि दोसा कधीही एक नसायचा. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, त्यामुळे तो चौथा दोसा नको म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

संध्याकाळी मी गेट उघडलं की त्याच्या कडीचा आवाज ऐकून आतून हाक यायची, "ऊटा आय्ता रे?" जेवण झालं का रे. पाच वाजलेले असोत की आठ, प्रश्न हाच. त्याचं खरं उत्तर द्यायचं नसतं, फक्त "आय्तु अक्का" म्हणायचं असतं. मी म्हणायचो, "यायलोय की अक्का, स्वल्प थांबा." दिवसभर ताठ धरलेली जीभ त्या गेटपाशी सैल पडायची. या शहरात मी साहेबांचा 'यू' होतो, मराठी मंडळींचा 'तुम्ही' होतो. मराठीत मला 'अरे' म्हणणारं आणि मी जसा बोलतो तसा ऐकून घेणारं हे एवढं एकच माणूस होतं. ते मी माझ्या हातानं घालवलं, आणि तेही माझ्या कामातलं सगळं कसब पणाला लावून.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाला जुन्या मराठी कुटुंबांवर एक व्हिडिओ दाखवायचं ठरलं. मंडळाचे सेक्रेटरी पुण्याचे, आयटीतले, पाच-सहा वर्षांपूर्वी इथे आलेले. माणूस सालस होता, त्याच्या नावानं बोटं मोडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आदल्या वर्षीच्या व्हिडिओत पंख्याच्या आवाजापुढे कुणाचं काही कळलं नव्हतं आणि लोक उघड उघड गप्पा मारत बसले होते. "या वेळी आवाज नीट हवा," ते म्हणाले. आवाज म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, आवाजाची जबाबदारी माझी. वर अक्कांचं नावही मीच सुचवलं. मंडळात कुणीतरी माझ्याकडे बघून 'वा' म्हणावं, एवढीच माझी भूक होती.

अक्का आधी नाहीच म्हणाल्या. "माझं काय ऐकायचं रे लोकांनी? मी काय केलंय?" मग दोन दिवसांनी जिन्याखालून त्यांनी मला हाक मारली.

"एक गोष्ट आहे. ती सांगू देशील तर बसते."

"कुठली गोष्ट?"

त्यांनी मान वळवून शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे अम्मा राहतात. अम्मा कन्नड, अक्कांच्याच वयाच्या. दोघींची चाळीस वर्षांची शेजारपणाची दोस्ती, रोजची कढीपत्त्याची देवाणघेवाण आणि महिन्याला एक भांडण. मराठीचं अम्मांना 'चहा' आणि 'पुरे' यापलीकडे काही कळत नाही.

"तिनं माझ्यासाठी जे केलं ना," अक्का म्हणाल्या, "ते तिला कधी सांगितलं नाही मी. तोंडावर कसं सांगू? नाचिके होते." नाचिके म्हणजे लाज. "पडद्यावरून सांगते. चार लोकांत. ती येऊन बसंल, ऐकंल. मग मी मोकळी."

आम्ही तीन सकाळी रेकॉर्डिंग केलं. सकाळी दहा ते साडेअकरा, कारण तेव्हा दूधवाला, भाजीवाला आणि शाळेच्या गाड्या आटोपलेल्या असतात. मी खिडकीवर दोन रजया टांगल्या, पंखा बंद केला, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ उतरवून आतल्या खोलीत उशांखाली ठेवलं. अक्कांच्या पदराला बारकासा माईक लावला आणि बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायला सांगितल्या. पलीकडे अम्मांचा मिक्सर सुरू झाला तेव्हा अक्कांनीच भिंतीवरून ओरडून तो बंद करवला.

बोलणं सुरू करण्याआधी मी नेहमी अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. पुढे कुठे काटछाट केली तर मधल्या भोकात ती शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला ठिगळ जाणवतं.

"आता काय करू?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही. गप्प बसायचं. खोलीचा आवाज घेतोय."

"खोलीला आवाज असतो होय?" असं म्हणून त्या मांडीवर हात ठेवून, श्वास धरून बसल्या. घामानं त्यांचं कपाळ चमकत होतं, पण पदर उचलला तर माईक घासेल म्हणून त्यांनी तो पुसला नाही.

तिसऱ्या सकाळी त्यांनी ती गोष्ट सांगितली. नवरा सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेला आणि दुपारी चार माणसांनी उचलून घरी आणला. मग नातेवाईक आले. सगळे मराठीत बोलत होते, पुष्कळ बोलत होते. आता घर कसं चालायचं, मुलींना कुणी सांभाळायचं, कागदपत्रं कुठे आहेत. अम्मांशी तोवर अक्कांचा फारसा संबंध नव्हता, उलट शेवग्याच्या फांदीवरून त्याच आठवड्यात कडाक्याचं वाजलं होतं. त्या अम्मा मागच्या दारानं आत आल्या, अक्कांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

इथे अक्का थांबल्या. खूप वेळ थांबल्या. माझं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीकडे होतं. पट्टी तळाशी पडून होती आणि मी मनात म्हणत होतो, एवढी लांब शांतता कापावी लागणार. मग अक्का अगदी हळू, अम्मांच्याच सुरात म्हणाल्या, "नानिद्दीनि कणे."

मी आहे गं. एवढंच अम्मा तेव्हा म्हणाल्या होत्या. नंतर वर्षभर त्या रोज सकाळी येऊन बसायच्या, पण त्या दिवशी एवढंच. माझी पहिली तक्रार अशी होती की वाक्य फार हळू आलं.

"अक्का, हे एकदा मराठीत म्हणता का? 'मी आहे गं', असं?"

अक्कांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "ती मराठीत कुठं म्हणाली रे?"

"नाही, पण लोकांना कळायला..."

"लोकांना नाही कळलं तर राहू दे. तिला कळू दे."

"सरी अक्का," मी म्हणालो. "तसंच ठेवतो."

सरी म्हणजे ठीक आहे. बंगळुरात हा शब्द दिवसात पन्नास वेळा म्हटला जातो आणि त्याला फार कुणी बांधील नसतं. पण अक्का बांधील होत्या. त्यांनी त्याच दुपारी भिंतीपलीकडे जाऊन अम्मांना सांगून टाकलं की तुझं बोलणं व्हिडिओत आहे, तू यायचंच. अम्मा दोन दिवस गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या.

मी अकरा मिनिटांचा व्हिडिओ जोडला आणि सेक्रेटरींना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "फँटास्टिक झालंय! फक्त दोन गोष्टी. एक, आठ मिनिटांत बसवायला लागेल, प्रोग्राम टाइट आहे. आणि दुसरं म्हणजे, ते कन्नड थोडं कमी करता येईल का? मराठीचा कार्यक्रम आहे, नवीन मुलामुलींना रिलेट व्हायला पाहिजे. बघा, तुम्ही प्रोफेशनल आहात."

त्यांनी ते एक वाक्य काढा असं म्हटलं नव्हतं. त्यांना ते वाक्य कुठलं हेही माहीत नव्हतं. म्हणून हा भाग मला कुणावर ढकलता येत नाही, आणि प्रयत्न मी बराच करून पाहिला आहे.

आमच्या कामात आता बोललेलं सगळं आपोआप पडद्यावर लिहून येतं. त्या मजकुरातला शब्द खोडला की आवाजातला शब्दही जातो. साहेबांच्या 'बेसिकली'ची जशी यादी करतो तशी मी अक्कांची यादी केली. स्वल्प. नोडु. अल्वा. आय्तु. एका फटक्यात सगळे शोधले आणि एका फटक्यात काढले. अक्का भराभर शुद्ध होत गेल्या. मग त्या वाक्यापाशी आलो. मशीन मराठीवर लावलेलं, त्यामुळे तिथे 'नानी दिनी काने' असं काहीतरी अर्थहीन उमटलं होतं, खाली लाल रेघ. मशीनला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

खाली मराठीत दोन शब्द लिहून देता आले असते. दोन मिनिटांचं काम. आठ मिनिटांचंच म्हणाल तर मंडळाच्या इमारतीचा फोटो चार सेकंद कमी दाखवता आला असता. पण माझ्या डोळ्यापुढे तो हॉल होता, त्यात बसलेली पुण्यामुंबईची दीड-दोनशे माणसं होती, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हळूच हसणारं होतं. अक्कांना हसतील अशी भीती मला वाटली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मला भीती माझी होती. ही बोली ज्याच्या घरची आहे तो माणूस मी आहे, हे त्या हॉलमध्ये कुणाला कळू नये, म्हणून मी ते वाक्य खोडलं.

मग मी भोक बुजवलं. "शेजारची आली, माझ्याजवळ बसली, पाठीवर हात ठेवला," इथवर एक तुकडा. "आणि तिथून दिवस पुढे निघाले," हा दुसरा तुकडा. दोन्हींच्या मध्ये मी खोलीची दीड सेकंदाची शांतता भरली, अक्कांनी घाम न पुसता, श्वास धरून दिली होती ती. कानाला हेडफोन लावून मी तो सांधा पाच-सहा वेळा ऐकला. कुठे काही कळत नव्हतं. आणि हेही लिहून ठेवतो की त्या क्षणी मी स्वतःवर खूश होतो.

कार्यक्रम रविवारी सकाळी जे. पी. नगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. अक्का आणि अम्मा रिक्षानं आल्या. अम्मांनी रेशमी साडी नेसली होती, केसांत मोगरा माळला होता, जणू घरचं लग्न होतं. मी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं आणि मागच्याच रांगेत बसलो. अक्कांना सांगून टाकावं असं सकाळपासून तीनदा मनात आलं. पण दोघी इतक्या आनंदात होत्या की मी मूग गिळून बसलो. शिवाय वाटलं, एवढ्या गर्दीत कोण चार सेकंद मोजणार आहे.

पडद्यावर अक्का आल्या. स्वच्छ, खणखणीत, न अडखळणाऱ्या. माझ्या शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, "वाटत नाही ना या इथल्या आहेत असं?" गोष्ट जवळ आली तशी पुढच्या रांगेत अक्कांनी अम्मांच्या हातावर हात ठेवला आणि किंचित दाबला. आता बघ, आता येतंय. अम्मा पुढे सरसावून बसल्या.

पाठीवर हात ठेवला. दीड सेकंद. तिथून दिवस पुढे निघाले.

मला त्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. अक्कांची पाठ जराही हलली नाही. अम्मा तशाच पुढे झुकून वाट बघत राहिल्या, इमारतीचा फोटो आला तरी, मंडळाचं बोधचिन्ह आलं तरी, टाळ्या सुरू झाल्या तरी. मग त्यांनी अक्कांकडे वळून विचारलं, "नंदु बंता?" माझं आलं का?

"बंतल्ला," अक्का म्हणाल्या. आलं की. "निंगे केळिसलिल्ल अष्टे." तुला ऐकू आलं नाही, एवढंच.

अम्मांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला. थोडा वेळ तो चाचपत राहिल्या. मग "होग्लि बिडु," जाऊ दे, असं म्हणून हसल्या. वरच्या मजल्यावरून माझा पेला पडला तरी ज्यांना भिंतीपलीकडे ऐकू जायचं त्या अम्मांनी चाळीस वर्षांच्या मैत्रिणीच्या शब्दाखातर एका क्षणात मान्य केलं की आपले कान गेले. मला कन्नड येत नसतं तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात त्या दिवशीच मनापासून वाटलं.

सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "काय आवाज होता! एकेक शब्द ऐकू आला!" अक्का तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मंडळात माझ्याकडे बघून 'वा' म्हणणारी माणसं त्या दिवशी पुष्कळ भेटली.

संध्याकाळी मी गेट उघडलं. कडी मुद्दाम दोनदा वाजवली. आतून काही आलं नाही. दिवा लागलेला होता, रेडिओही चालू होता.

सोमवारी मी रजा टाकली. मूळ रेकॉर्डिंग होतंच, त्यातून ते वाक्य काढून परत जागच्या जागी बसवलं, त्याआधीच्या सगळ्या लांब शांततेसकट. सगळे स्वल्प आणि अल्वा परत घातले. दुपारी लॅपटॉप घेऊन खाली गेलो. अक्का तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, चुकलं माझं. हे बघा, परत घातलंय. अम्मांना बोलवू?"

"तुम्ही बसा," अक्का म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. मला वाटलं दारात कुणीतरी दुसरं आलं आहे.

"तुम्ही कष्ट घेतलेत," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा. "पण आता त्याचा उपयोग नाही. मी तिला सांगितलं की ते होतं आणि तिला ऐकू आलं नाही. आज ते तिला ऐकू आलं तर तिला कळेल की मी तिच्याशी खोटं बोलले. चाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोलले नव्हते."

यात एकही स्वल्प नव्हता, एकही अल्वा नव्हता. हॉलमध्ये जशा ऐकू आल्या होत्या तशाच अक्का आता समोर बसून बोलत होत्या. मी म्हणालो, "अक्का, असं बोलू नका की." त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

महिनाभर हे असंच चाललं. आमच्यात भांडण नव्हतं. त्या मला डोसे द्यायच्या, "तुम्हाला आणखी हवा आहे का?" असं विचारायच्या, आणि मी नको म्हटलं की खरोखर देत नसत. भिंतीपलीकडे अम्मा हळूहळू गप्प होत गेल्या. अक्का काही बोलल्या की आपण नीट ऐकलं की नाही याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून एकच गोष्ट दोनदा विचारायच्या, मग विचारणंही कमी झालं. शेवटी मुलानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. या वयात थोडं कमी ऐकू येणारच, डॉक्टरांनी तेच सांगितलं असणार. अम्मा कानात मशीन घालून घरी आल्या.

एका शनिवारी सकाळी त्या मला शोधत अक्कांच्या ओसरीवर आल्या. मशीननं जीव नकोसा केला आहे, नळ सोडला तर धबधबा वाटतो, चमचा ठेवला तर दचकायला होतं. तू आवाजाचं काम करतोस ना, तूच बघ. हे सगळं त्या कन्नडमध्ये मला 'अरे' म्हणून सांगत होत्या. मी त्यांच्या मुलाच्या फोनवरून मशीनचा आवाज कमी केला, वारंवार "आता बरं वाटतं का?" असं विचारत. इतकं काळजीपूर्वक काम मी कुठल्या साहेबासाठी केलं नसेल.

बरं वाटल्यावर अम्मा म्हणाल्या, "आता ते लाव."

"काय?"

"ते सिनेमाचं. माझं आलेलं. आता मशीन आहे, आता ऐकू येईल."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. होही म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी वर जाऊन लॅपटॉप आणला आणि त्या सोमवारी केलेला व्हिडिओ लावला. पाठीवर हात ठेवला. मग ती लांब शांतता, आणि त्या शांततेत, मला पहिल्यांदाच ऐकू आलं, अक्कांचा श्वास अडकत होता. मग ते वाक्य.

"बंतु!" अम्मा ओरडल्या. "बंतु कणे!" आलं गं. त्यांनी अक्कांच्या दंडावर चापट मारली, मग त्याच दंडाला धरून त्या रडल्या, मग पुन्हा लावायला सांगितलं. तू तेव्हा खरं सांगत होतीस, माझेच कान मेले गेले होते, असं त्या अक्कांना परत परत सांगत होत्या. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "हौदु, हौदु," हो, हो, म्हणत होत्या. जाताना अम्मांनी कानातल्या मशीनवर बोट आपटून मला सांगितलं की मशीन चांगलं आहे, आता काढणार नाही. ते आजही त्यांच्या कानात आहे. नळाचा आवाज त्यांना अजून सोसत नाही.

अम्मा गेल्यावर मी लॅपटॉप मिटला. अम्मांना काही कळलं नव्हतं, अक्कांचा शब्द खरा ठरला होता, माझा सांधा याही वेळी बेमालूम बसला होता. आता तरी अक्का काही म्हणतील म्हणून मी ओसरीवर रेंगाळलो. रागावल्या असत्या, तोंडाला येईल ते दोन्ही भाषांत बोलल्या असत्या, तरी मी उभ्यानं ऐकून घेतलं असतं.

अक्कांनी कॉफीचे पेले गोळा केले. आत जाता जाता दारात थांबल्या.

"तुमचं जेवण झालं का?"

साडेअकराच वाजले होते. माझ्या तोंडात 'आय्तु' आलं होतं. ते मी गिळलं आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "हो, झालं."